ती जागा आमची नाय

छायाताईंनी कागदांचा गठ्ठा काउंटरवर दोनदा आपटून सारखा केला आणि म्हणाल्या, "काका, एक पान मशीनच्या झाकणाखाली राहिलं होतं. तेही घातलंय यात. तुमचंच आहे, अक्षरावरून कळलं." मी हो म्हणालो. समोरच्याने एखादी गोष्ट खात्रीने सांगितली की मी हो म्हणतो, ही माझी जुनी सवय आहे. कर्जतला कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर छायाताईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे गर्दी असते ती सातबाऱ्यांची, आधार कार्डांची, दाखल्यांची. त्यात मी माझी वही घेऊन गेलो होतो आणि ती कुणी पाहू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून नेली होती. दोन वर्षं मी एका जुन्या जजच्या इंग्रजी चरित्राचं मराठी करतो आहे. घरात वाळवी निघाली तेव्हा सुंदरा, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली की तुमच्या जजला वाळवीने खाल्लं तर तुम्ही मला बोल लावणार नाही, पण आयुष्यभर तोंड पाडून बसाल, ते मला नको. एक प्रत काढून ठेवा. म्हणून गेलो. घरी येऊन पानं मोजली तर शहाण्णवच्या जागी सत्त्याण्णव भरली. सत्त्याण्णवावं पान माझ्याच अक्षरात होतं. तोच माझा ण, ज्याची शेपटी खाली जाऊन जरा वळते. तीच शब्दांवरची एका रेषेत ओढलेली शिरोरेखा. तोच पूर्णविराम, जाडसर, कारण वाक्य संपलं की माझं पेन तिथे क्षणभर टेकून राहतं. पण मजकुरात माझा जज नव्हता. वर लिहिलं होतं, साक्षीदार क्रमांक दोन, मोतीबाई, वय अंदाजे पस्तीस, धंदा शेती. आणि खाली, अगदी शेवटी, शाईच्या काळ्या डागासारखा एक अंगठा.

मी पान उलटं ठेवलं. मग त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. मग उठून पाणी प्यायलो. आयुष्याची एकतीस वर्षं मी कोर्टात कारकून होतो. कुठल्या कोर्टात ते सांगत नाही, कारण दोष कोर्टाचा नाही. त्या काळात अशी हजारो पानं मी लिहिली असतील, त्यातली शंभरसुद्धा मला आठवत नाहीत. हे एक पान मात्र न वाचताच आठवलं. अगदी शेवटची ओळसुद्धा, तिच्या शेवटच्या जाड ठिपक्यासकट.

जजविषयी आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. कदाचित तरीही समजणार नाही. मला गोष्ट सांगण्याची सवय नाही, दुसऱ्यांची बोलणी उतरवून घेण्याची आहे. खोपोलीच्या एका रद्दीवाल्याकडे मला ते पुस्तक मिळालं. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती त्या काळातला एक न्यायाधीश, नाव जोसाया पेल्टन, त्याचं चरित्र. त्याच्याच गावातल्या कुणा शाळामास्तरणीने लिहिलेलं आणि गावातच छापलेलं. ते खोपोलीपर्यंत कसं आलं, कोण जाणे. पेल्टन मोठा माणूस नव्हता. कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. आधी जमिनी मोजायचा, मग गावाचा कारकून झाला (इथे मी पहिल्यांदा खुर्चीत सावरून बसलो), मग गावाने त्याला वसाहतीच्या विधिमंडळात निवडून पाठवलं, एकदा नाही, तेवीसदा. आणि त्याच काळात तो जिल्ह्याचा न्यायाधीशही होता. म्हणजे सकाळी कायदा करायचा आणि दुपारी तोच लागू करायचा, असं मी सुंदराला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग संध्याकाळी जेवायला बसताना त्याची बायको त्याला काय म्हणायची ते लिहिलंय का? ते लिहिलेलं नाही. बायकोचं नाव दोनदा येतं, लग्नाच्या दिवशी आणि मरणाच्या.

त्याने एक रोजनिशी ठेवली होती. तीत बहुतेक हवामान, सफरचंदं, कुणाची गाय कुणाच्या कुंपणात शिरली ते. पण एक प्रकरण आहे. टॉबायस नावाचा एक मुदतीचा बांधील नोकर. त्याच्या मालकाची घोडी नाहीशी झाली, आणि टॉबायसने ती चोरून विकली असा ठपका आला. पेल्टनने त्याला पंधरा फटके आणि बांधिलकीची आणखी तीन वर्षं सुनावली. मालकाने त्याला वसाहतीबाहेर कुणाला तरी देऊन टाकलं. दोन वर्षांनी, बर्फ वितळल्यावर, पेल्टनच्या रोजनिशीत एवढंच आहे: "घोडी दलदलीतून परत आली. बरोबर शिंगरू. वारा वायव्येचा." आणि त्यापुढे अकरा दिवस कोरे. सव्वीस वर्षांत कधी न सुटलेली रोजनिशी अकरा दिवस कोरी. मी मराठी करताना तिथे पोचलो तेव्हा वहीत अकरा ओळी मोकळ्या सोडल्या. हे भाषांतर म्हणता येईल की नाही मला माहीत नाही. त्या मोकळ्या ओळींकडे बघताना छातीत काहीतरी मोठं, थंड उघडत जायचं, जसं भर दुपारी देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकल्यावर होतं.

बाराव्या दिवशी तो विधिमंडळात गेला. टॉबायस सापडणं शक्य नव्हतं. माणसं पाठवली होती, कुणालाच माग लागला नाही. तेव्हा त्याने अर्ज केला की जोसाया पेल्टन, न्यायाधीश, याने दिलेला निकाल रद्द करावा आणि जोसाया पेल्टन यालाच दंड करावा. सभासद हसले. एक जण म्हणाला, जजसाहेबांनी स्वतःविरुद्ध अपील केलंय, आता दोन्ही बाजूंचं वकीलपत्र कोण घेणार? अर्ज टेबलावर ठेवला गेला, म्हणजे बाजूला सारला गेला. पुढच्या अधिवेशनात तो पुन्हा उठला. त्याच्या पुढच्याही. अकरा वर्षं. शेवटी त्यांनी कंटाळून एक ओळ लिहिली, "वाचले, नोंद घेतली," आणि तो घरी आला आणि त्या वर्षी सफरचंदं चांगली आली. त्या पहिल्या दिवसाचं वर्णन पुस्तकात एका वाक्यात आहे. तो उठला, आणि बोलण्याआधी बराच वेळ उभाच राहिला. त्या वाक्यापाशी मी सहा महिने अडकलो होतो. उठला, उभा ठाकला, उभा राहिला, उभं राहून राहिला. प्रत्येक वेळी वाटायचं, हे मराठी बरोबर आहे, पण हे लिहिणारा माणूस बसलेला आहे. कोर्टात वकील उभे असतात, साक्षीदार उभा असतो, शिपाई उभा असतो. जज बसलेले, आणि त्यांच्या पायरीखाली कारकून बसलेला. एकतीस वर्षं मी बसलेला होतो.

ती दुपार मार्चमधली असावी. जजसाहेब विदर्भाकडचे, नवीन बदलून आलेले, स्वभावाने कडक पण कामात सरळ. आमच्या इकडची बोली त्यांच्या कानाला लागत नसे. साक्षीदार बोलला की ते माझ्याकडे बघत आणि मी ते नीट मराठीत सांगत असे. मग ते मान हलवत आणि मी लिहीत असे. टायपिस्ट रजेवर होता. मोतीबाई कशेळ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावातली. डोंगराच्या पायथ्याची उताराची जागा, गवताची, चार आंब्यांची. तिच्या नवऱ्याचं म्हणणं ती त्यांच्याकडे बापजाद्यांपासून. खालच्या गावच्या जमीनदाराचं म्हणणं ती त्याची. कागद जमीनदाराकडे होते. नवरा दावा चालू असतानाच वारला, आणि त्याच्या जागी वादी म्हणून ती उभी राहिली. हिरवं लुगडं, पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात. समोरच्या वकिलाने विचारलं, जागा तुमची असल्याचा कागद आहे का? ती म्हणाली, "कागद नाय. माझ्या सासऱ्यानं आंबं लावलं. माझं पोर तिथं पुरलंय. ती जागा आमची नाय?"

आमच्याकडे असंच बोलतात. मी सांगितलं नाय? म्हणजे मी सांगितलंच. ती आली नाय? म्हणजे आलीच की. त्या नायमध्ये नाही नसतंच. ते शेवटी वर चढतं आणि समोरच्याला विचारतं, आता बोल, तूच सांग. मी याच मातीतला. माझी आई असंच बोलायची. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. घड्याळात पावणेपाच झाले होते, साहेबांना गाडी होती, मला ते ठाऊक होतं. मी सांगितलं, "कागद नाही. सासऱ्याने आंबे लावले. मूल तेथे पुरले आहे. ती जागा आमची नाही." साहेबांची भुवई जरा उचलली, ते वकिलाकडे बघत मला म्हणाले, नोंदवा. वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं. तिच्या बाजूचा वकील कागद चाळत होता, तो या शब्दावर थांबला नाही, आणि मी लिहिलं. मग पूर्णविराम दिला.

इथपर्यंत ती चूक होती. माणसाच्या तोंडून आलेला आवाज कागदावर येईपर्यंत सांडतो. एवढं मला मान्य करता आलं असतं. पण साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते. मी उठलो नाही, बसूनच वाचू लागलो. शेवटच्या ओळीपाशी माझी नजर आधी पोचली आणि मला कळलं. पूर्ण कळलं. ओळ दुरुस्त करायची तर साहेबांना सांगावं लागणार, की मी चुकीचं सांगितलं. मग खोडणार, त्यावर त्यांची सही, वकिलाची हरकत, पुन्हा उलटतपासणी, साहेबांची गाडी. भरलेल्या कोर्टात सगळे माझ्याकडे बघणार. मला लोक बघायला लागले की कानाच्या पाळ्या तापतात, अजूनही तापतात. म्हणून मी काय केलं? कागदावर 'आमची नाही' होतं, आणि मी वाचलं, "ती जागा आमची नाय?" तिच्याच चालीत. शेवटी वर चढवून. तिने समाधानाने मान हलवली. तिने अंगठा पुढे केला. मीच शाईचा पॅड सरकवला. कागद एक म्हणत होता, माझं तोंड दुसरं, आणि दोघांच्या मधे तिचा अंगठा उमटला. निकालात साहेबांनी लिहिलं, वादीने स्वतःच कबूल केले आहे की. पुढचं मी निकालाच्या दिवशी ऐकलं नाही. मी नकलांच्या रजिस्टरात डोकं घालून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ते पान परत द्यायला दुकानात गेलो. छायाताई म्हणाल्या, बरं झालं, ती पोरगी सकाळपासून तीनदा येऊन गेली, आता मला चोर ठरवायची तेवढी बाकी होती. पोरगी बाकावर बसली होती. विशी-बाविशीची, खांद्याला बॅग, पायात बूट. नाव रुचिता. मोतीबाईची नात. तिने पान घेतलं आणि सुटकेचा श्वास टाकला. म्हणाली, नक्कल काढायला दोन महिने गेले. उताराच्या त्या जागेचे आता प्लॉट पडणार आहेत. जमीनदाराच्या मुलांनी एका कंपनीशी बोलणं केलं आहे. आजी अजून तिथलं गवत कापते, आंबे उतरवते, तेवढी वहिवाट तरी मान्य करा म्हणून अर्ज केला, तर पलीकडच्यांनी हे पान जोडलं. गुरुवारी सुनावणी आहे. मग ती म्हणाली, "काका, तुम्हाला जुनं अक्षर वाचता येतं ना? छायाताई म्हणाल्या तुम्ही कोर्टात होतात. ही शेवटची ओळ बघा. आजी म्हणते, मी असं बोललीच नाय."

मी ओळ वाचली. म्हणजे वाचल्याचं नाटक केलं. म्हणालो, हो, तसंच लिहिलंय.

"अक्षर बघा कसं मोत्यासारखं," रुचिता म्हणाली, "आणि लिवलंय खोटं. आजी काय म्हणते माहितीय? म्हणते, वाचून दाखवणारा भावसायब चांगला मानूस होता. त्यानं नीट वाचलं, माझ्या कानांनी ऐकलं. नंतर कुनीतरी कागद बदलला. अडतीस वर्षं झाली, अजून त्याचं नाव काढते. म्हणते, तो असता तर त्यानं सांगितलं असतं."

छायाताई मशीनमधे कागद भरत होत्या. मी काहीतरी पुटपुटलो. बहुतेक, बरोबर आहे, असं म्हणालो. आणि घरी आलो.

पुढचे दोन दिवस मी जजपाशी बसून होतो. पुस्तक उघडं, वही उघडी, लिहिलं काहीच नाही. वाटायचं, हा माणूस मला रद्दीत कशाला सापडला? तीनशे वर्षांपूर्वीचा, कुठल्या बर्फाळ गावातला, आणि त्याने काय केलं तर एका नोकरासाठी, जो आता कधी भेटणारही नव्हता, अकरा वर्षं लोकांना हसू दिलं. ते हसणं मला ऐकू यायचं. लाकडी बाकं, ओल्या लोकरीचा वास, आणि मधे हा म्हातारा होत चाललेला माणूस, टोपी हातात, उठून उभा. त्याच्या कानाच्या पाळ्या तापत असतील का? मला त्याच्या धैर्याचं नवल नव्हतं. धीट माणसं मी कोर्टात पुष्कळ पाहिली. मला नवल होतं ते दुसऱ्या वेळचं. पहिल्यांदा माणूस आवेगात उठतो. दुसऱ्यांदा, हसतील हे माहीत असताना, कसा उठतो? पाय कुठून येतात?

मग एका सकाळी मी मुद्दाम पुस्तकाचा शेवट काढला, त्याचं मृत्युपत्र. ते मी सुंदराला कधी वाचून दाखवलं नव्हतं. त्यात मुलाला देण्याच्या वस्तूंची यादी आहे. पितळी किटली, पिसांची गादी, आणि त्या दोहोंच्या मधे, "डायना, काळी बाई." किटली आणि गादीच्या मधे एक गुलाम बाई. अकरा वर्षं उठून उभा राहणाऱ्या माणसाने हे लिहिलं, स्वल्पविराम देऊन, शांतपणे. मला वाटलं होतं हे वाचलं की त्याचं ओझं उतरेल, तोही आपल्यासारखाच निघेल आणि मी सुटेन. तसं झालं नाही. उलट ते उभं राहण्याचं वाक्य जास्तच उंच झालं. ज्याला डायना दिसली नाही त्याला टॉबायस दिसला. डोळे अर्धेच उघडे असलेल्या माणसानेसुद्धा जेवढं दिसलं तेवढ्यासाठी उभं राहायचं असतं, आणि न दिसलेल्याचा हिशेब दुसरं कुणीतरी करतं. मी तर पूर्ण पाहिलं होतं. माझ्या पूर्णविरामाएवढं स्पष्ट.

सुंदरा कोथिंबीर निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे सांगितलं नव्हतं. ती देठ मोडत राहिली. मग म्हणाली, "तुमचा जज काय म्हणतो?" मी म्हणालो, तो काही म्हणत नाही, तो उभा राहतो. "मग मला कशाला बसून सांगताय," ती म्हणाली, आणि आत जाऊन माझा इस्त्रीचा सदरा घेऊन आली.

प्रतिज्ञापत्र मी स्वतःच लिहिलं. कायद्यात त्याचा किती उपयोग होईल, अडतीस वर्षांपूर्वीच्या निकालाला त्याने ओरखडा तरी पडेल का, मला सांगता येत नाही. ओळखीच्या वकिलाने खांदे उडवले. मोतीबाईचे खरे शब्द तिच्याच बोलीत जसेच्या तसे लिहिले, आणि लिहिलं की त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं, चुकीचं लिहिलं, आणि चूक समजल्यावरही ती लपवण्यासाठी वेगळं वाचलं. 'लपवण्यासाठी' हा शब्द तीनदा खोडला आणि तीनदा परत लिहिला. बुधवारी सकाळी कर्जतच्या चार फाटा चौकातून कशेळ्याची जीप पकडली. जीपमधे कापणीची माणसं, विळे गोणपाटात गुंडाळलेले. पेज नदीचं पाणी खाली निवळ दिसत होतं, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पिवळी, काही कापून मोकळी झालेली. आणि समोर भीमाशंकराकडची ती डोंगरांची भिंत. आयुष्यभर पाहत आलेली, पण त्या सकाळी मी तिच्याकडे खिडकीतून मान वाकवून पाहिलं आणि तिचा माथा काही दिसेना. बाजूची बाई म्हणाली, "काय शोधता बाबा, इमान?" सगळे हसले. मीही हसलो. इमान म्हणजे तिच्या बोलीत विमान. पण माझ्या कानाला ते दुसऱ्याच अर्थाने लागलं आणि माझं हसू ओठांवरच राहिलं.

कशेळ्यापासून दीडेक किलोमीटर चालत गेलो. मोतीबाईच्या घरापुढच्या खळ्यावर झोडणी चालू होती. चार-पाच बायका, दोन पुरुष, भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होते. रुचिता ओढणी कमरेला बांधून सुपाने वारं घालत होती. मला पाहून ती पुढे आली, म्हणाली, आजी, हेच ते काका, पान परत करणारे. मोतीबाई पायरीवर बसली होती. मी तिला ओळखलं नसतं. वाळलेली, डोळ्यावर जाड चष्मा. हात मात्र ओळखले. ते मांडीवर तसेच होते, दोन्ही एकाशेजारी एक, जणू पुढे कठडा आहे.

"या, बसा," ती म्हणाली. "उन्हातून आलात. रुचिता, पानी दे बाबांना. तुमी कोर्टात होतात म्हनं? मग आमच्या त्या भावसायबाला वळखत असाल. उंच, बारीक, आवाज लय गोड. हाय का तो?"

रुचिताने पोतं अंथरलं. मी बसलो नाही. म्हणालो, आहे. मग म्हणालो, मीच तो. तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मला पाहवेना म्हणून मी पुढचं घाईने सांगून टाकलं. कागद कुणी बदलला नाही. कागद मीच लिहिला होता, आधीपासूनच तसा. आणि तुम्हाला वेगळं वाचून दाखवलं. कळूनसवरून.

पेंढ्या आपटण्याचा आवाज थांबला. मला वाटतं, एकेक करून थांबला, पण मला तो एकदम थांबल्यासारखा वाटला. माझे कान तापले. सगळे माझ्याकडे बघत होते; हेच ते, ज्याला मी अडतीस वर्षं टाळलं होतं, आणि ते आलं तेव्हा फक्त काही शेतकरी माणसं होती, हातात पेंढ्या, डोक्याला कुसळं लागलेली. मोतीबाईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. तिला रडू येईल किंवा ती शिव्या देईल, असं मी येताना जीपमधे ठरवून ठेवलं होतं. दोन्ही झालं नाही.

"म्हंजे मी त्या दिवशी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, की आपलं बोलनं कागदावर चढलं," ती हळू म्हणाली. "माझ्या सासूला सांगितलं. ती निजून व्हती. तिला बरं वाटलं. त्यातच गेली ती." मग, "बरं झालं म्हना, तिला तेवढं तरी मिळालं."

मी प्रतिज्ञापत्र काढलं. म्हणालो, उद्या सुनावणीत मी येतो आणि हे तिथे देतो. विचारलं तर उभा राहून सांगतो. कुणी हसलं तरी सांगतो.

तिने कागदाकडे पाहिलंही नाही. "कागद ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "वाच तू." अडतीस वर्षांत पहिल्यांदा आणि या दहा मिनिटांतही पहिल्यांदा तिने मला तू म्हटलं. "तवा वाचलंस तसं वाच. समद्यांना ऐकू जाऊ दे. पन ह्या वेळी लिवलेलं वाच."

मी कागद दोन्ही हातांनी धरला. अक्षर माझंच. शपथ, नाव, वय, पत्ता, हे सगळं मी स्वतःशीच बोलल्यासारखं वाचलं. रुचिता म्हणाली, मोठ्यानं काका. मग मी त्या ओळीपाशी आलो. सासऱ्यानं आंबं लावलं. माझं पोर तिथं पुरलंय. खळ्याच्या पलीकडे तो उतार दिसत होता, गवत पिकून तांबूस झालेलं, चार आंबे. किंवा तीन, एक पडला असावा. त्यांच्या खाली कुठेतरी एवढासा खड्डा असेल, अडतीस वर्षांहून जुना. माझ्या आईची चाल माझ्या गळ्यात आली आणि मी विचारलं, कागदावर होतं तसंच, शेवटच्या प्रश्नचिन्हासकट,

"ती जागा आमची नाय?"

आवाज वर चढला आणि तिथेच राहिला. खाली उतरायला त्याला जागा नव्हती.

मोतीबाई उताराकडे बघत होती. "हाय," ती म्हणाली. मग झोडणीच्या फळीपाशी उभी असलेली एक बाई म्हणाली, "हाय तर." पुन्हा पेंढ्या आपटू लागल्या, आधी एक, मग दोन. रुचिताने पाण्याचा तांब्या पोत्याजवळ ठेवला आणि मी कागद हातात घेऊन बराच वेळ उभाच राहिलो.